छंद कोणता, हेही डॉक्टरांनी विचारावे

स्केल मॉडेलिंग करणाऱ्यांचे गट छोटे असतात. एका शहरात वीस-पंचवीस जण, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भेट, एरवी व्हॉट्सॲपवर फोटोंची देवाणघेवाण. अशा गटातला एखादा अचानक जातो. सकाळी ‘प्रायमर झाला, उद्या रंग’ असा संदेश टाकणारा माणूस रात्री नसतो. दिवसकार्य झाल्यावर मित्र त्याच्या घरी जातात. खोलीतल्या टेबलावर १/७२ प्रमाणातले मिग-२१ तसेच असते. एक पंख रंगवलेला, दुसरा अजून प्रायमरने करडा. कपाटात न उघडलेल्या किटचे खोके छताला टेकलेले. घरच्यांशी काय बोलावे हे कुणालाच सुचत नाही. परतताना जिन्यात मात्र कुणीतरी हळूच विचारतो, ‘हे त्या थिनरमुळे तर नसेल ना?’

छंद म्हणून छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘सांगता येत नाही’ असेच असते. या छंदात रमलेल्यांत पन्नाशी-साठीतले बरेच असतात. त्या वयात हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब हे पाहुणे तसेही घरात शिरलेले असतात. भारतात मृत्यूच्या कारणांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार सर्वांत वर आहेत. एका माणसाच्या मृत्यूत छंदातल्या रसायनांचा वाटा किती, हे नंतर मोजण्याचे साधन कुणाकडे नसते.

उत्तर मिळत नाही म्हणून गटात दोन टोके तयार होतात. काहींच्या घरून फर्मान निघते, ‘आजपासून ते रंग-बिंग बंद.’ उरलेले म्हणतात, ‘ज्याची वेळ भरली तो गेला, त्यात थिनरचा काय दोष?’ दोन्ही उत्तरांनी मन शांत होते, पण टेबलावरचे काही बदलत नाही. मित्र कशाने गेला हे कळले नाही, तरी राहिलेल्यांच्या खोलीत काय चालले आहे हे पाहता येते. आणि ते पाहण्याची जबाबदारी दोघांची आहे: छंद जोपासणाऱ्याची आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचीही.

बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. कुंभार, रंगारी, खाणकामगार, सुतार यांच्या कामाच्या जागी जाऊन त्याने त्यांची दुखणी टिपली. रुग्णाला काय होते, कधीपासून होते, हे प्रश्न तर हिपोक्रेटिसपासून चालत आले होते. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी असे रामाझिनीने सुचवले: ‘तुम्ही काम काय करता?’ व्यवसायजन्य आरोग्याचे सगळे शास्त्र या साध्या प्रश्नावर उभे राहिले. तीनशेहून अधिक वर्षांनंतर तो प्रश्न अपुरा पडतो आहे. कारण ‘काम काय?’ याचे उत्तर ‘बँकेतून निवृत्त’ असे असते, आणि रोज रात्री नऊ ते बारा हा निवृत्त माणूस बंद खोलीत रंगाऱ्याचे, सुताराचे आणि ओतकामगाराचे काम करत असतो. केसपेपरवर त्याची नोंद कुठेच होत नाही.

त्या खोलीत नेमके काय असते? सुरुवात वाफेपासून करू. लॅकर रंग पातळ करायला आणि एअरब्रश धुवायला जे थिनर वापरतात, त्यात बहुधा टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांचे मिश्रण असते. यातल्या टोल्युइनचा एक साधा हिशेब करता येतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. त्या बंद खोलीत १० मिलिलिटर टोल्युइन, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे, पूर्ण उडून गेले, तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ६८ भाग होतात. कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीने २० भागांपेक्षा जास्त नसावे, अशी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेच्या कायद्यातला जुना आकडा अजूनही २०० आहे, हेही खरे. पण जो आकडा संशोधनानंतर खाली आणला गेला, तो का आणला गेला, याचा विचार करायला हवा.

थिनर म्हणजे निव्वळ टोल्युइन नव्हे, आणि छंदात कुणी रोज आठ तास फवारत नाही. तरीही रंग पातळ करणे, फवारणे आणि मग साधने धुणे यात वीस-तीस मिलिलिटर थिनर सहज खर्च होते. हिवाळ्यात खिडकी बंद, पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढुरकी झाक येऊ नये म्हणून बंद, उन्हाळ्यात एसी लावला म्हणून बंद. त्यातच नाक लवकर हार मानते. सतत येणाऱ्या वासाची सवय होऊन काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो, आणि माणूस समजतो की वास गेला. बाहेरून आलेली बायको दारातच ‘अहो, केवढा वास मारतोय!’ म्हणते आणि आत बसलेल्याला ते खरे वाटत नाही. अशा वेळी त्या घरात बाहेरून आलेले नाक हेच सर्वांत भरवशाचे यंत्र असते.

डोके जड होणे, हलकी गुंगी, मळमळ, डोळ्यांची आग, रात्री झोप न लागणे ही द्रावकाच्या वाफेची ओळखीची लक्षणे. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर ती ओसरतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. टोल्युइनचा मज्जासंस्थेवरचा परिणाम वैद्यकाला माहीत झाला तो मोठ्या प्रमाणात, अनेकदा नशेसाठी, ते हुंगणाऱ्यांमुळे. १९६०च्या दशकात अमेरिकेत मुले मॉडेलचा गोंद पिशवीत घेऊन हुंगू लागली. तेव्हा एका मोठ्या उत्पादक कंपनीने १९६९ मध्ये गोंदात मोहरीचा झणझणीत अर्क मिसळायला सुरुवात केली, म्हणजे कुणी मुद्दाम हुंगला तर नाक झोंबावे. छंदातल्या माणसाच्या शरीरात तेवढे टोल्युइन जात नाही. पण तीच वस्तू त्याच्या टेबलावर आहे, आणि प्रमाण ठरवणारी गोष्ट एकच: खिडकी.

याहून काळजीची दोन द्रावके आपल्याकडे सर्रास वापरली जातात. ॲक्रिलिकचे तुकडे जोडायला क्लोरोफॉर्म, आणि कठीण प्लॅस्टिक चिकटवायला डायक्लोरोमिथेन. क्लोरोफॉर्म यकृतावर आघात करतो. डायक्लोरोमिथेनचे शरीरात गेल्यावर काही अंशी कार्बन मोनॉक्साइड बनते, आणि तो रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. निरोगी माणसाला थोडक्यात ते जाणवणार नाही. पण ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्या छातीत यामुळे कळ येऊ शकते. म्हणजे जिन्यात विचारलेला प्रश्न ‘हृदयविकार की रसायन?’ असा दोन खणांत टाकण्यासारखा नसतोच. एक धोका दुसऱ्याच्या खांद्यावर बसून येतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी डायक्लोरोमिथेन असलेले रंग काढण्याचे द्रव विकायला बंदी घातली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सुटे थिनर मिळते तेव्हा बाटलीवर बहुधा एकच शब्द असतो, ‘थिनर’. आत काय आहे हे दुकानदाराला माहीत नसते, घेणाऱ्याला नसते, आणि त्रास झाल्यावर डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

वाफेचा आणखी एक गुण घरात विसरला जातो. या द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत पसरतात, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातात. तिथे नातू रांगत असतो, किंवा देवघरात समई तेवत असते. ॲसिटोनची वाफ शून्याखाली २० अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी तयार होते, टोल्युइनची चार अंशांना. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऋतूत ही द्रावके पेटायला सज्ज असतात. वन-बीएचकेमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी एअरब्रश चालवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. थिनर शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे हा तर जुना घरगुती अपराध. आपल्याकडे रॉकेलने अशीच कितीतरी मुले दवाखान्यात पोहोचवली. चुकून कुणी प्यायलेच तर उलटी करवू नये. उलटीबरोबर द्रव फुप्फुसात गेला तर धोका वाढतो. तडक रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी.

आता ज्यांना फारसा वास नसतो, किंवा ज्यांचा वास धोक्याचा अंदाज देत नाही, अशा पदार्थांकडे वळू. मोटारीसारखी चकाकी यावी म्हणून हल्ली दोन भाग मिसळून फवारायचे पारदर्शक लॅकर लोकप्रिय झाले आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा होऊ शकतो, आणि हा दमा वेगळ्या जातीचा आहे. एकदा शरीराने आयसोसायनेटशी वैर धरले की पुढे अगदी किंचित मात्राही झटका आणते. काही वेळा श्वासाचा त्रास फवारणीनंतर काही तासांनी, मध्यरात्री सुरू होतो. मग रुग्ण आणि डॉक्टर दोघेही धूळ, थंडी, कबुतरे यांच्यावर संशय घेतात. व्यावसायिक गाडीरंगाऱ्यांना यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे देण्याची शिफारस असते. बेडरूममध्ये बसून १/२४ प्रमाणातली मोटार चमकवणाऱ्याकडे तसे काहीच नसते. त्याने हा पदार्थ घरात न वापरणेच शहाणपणाचे. आधी फवारणीत निघणारे साधे चकचकीत लॅकर पुरेसे सुंदर दिसते.

थ्रीडी प्रिंटर आल्यापासून दुसरे एक वैर घरोघर पोहोचले आहे. अतिनील किरणांनी घट्ट होणारी रेझिन ॲक्रिलेट जातीची असते. ती ओली असताना बोटांना लागत राहिली तर काहींना ॲलर्जी होते: बोटांची टोके लाल, खाजरी, भेगाळलेली. ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. शिवाय दातांत भरायच्या काही सिमेंटांत आणि हाडे जोडण्याच्या सिमेंटात याच कुळातली रसायने असतात. म्हणजे आज प्रतिकृतीसाठी हातमोजे न घालणाऱ्याला उद्या दंतवैद्याकडे अडचण येऊ शकते. नायट्राइलचे पातळ मोजे, ते एकदा वापरून टाकून देणे, त्वचेवर रेझिन पडल्यास अल्कोहोलने न पुसता साबण-पाण्याने धुणे आणि प्रिंटर झोपण्याच्या खोलीत न ठेवणे, एवढ्याने पुष्कळ भागते.

मग धूळ. ओतीव रेझिनचे किट घासताना उडणारी पांढरी पूड, पुटीची पूड, लाकडाची पूड. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. मुख्य धोका नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांना, तोही वर्षानुवर्षे लाकूडकाम करणाऱ्यांना. विमानांचे सांगाडे करायला वापरतात ते बाल्सा हाताला लोण्यासारखे मऊ लागते, पण वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ते कठीण लाकडातच मोडते. आपल्या घरांत आणखी एक परिचित धूर आहे. गणपतीच्या आराशीसाठी थर्मोकोल तापलेल्या तारेने कापायचे तेव्हा उठणारा. त्यात स्टायरीन असते, आणि त्याच संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात नेले. त्याच वर्षी महाराष्ट्राने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली, ती कचऱ्याच्या कारणाने. बंदीचा हा आरोग्याचा फायदा फारसा कुणी मोजला नाही. धुळीवरचा उपाय स्वस्त आहे: पाण्याखाली किंवा ओल्या सँडपेपरने घासावे, टेबल ओल्या फडक्याने पुसावे, झाडू मारू नये.

हात आणि तोंड यांच्यातले अंतर हा या छंदातला जुना घोटाळा. बारीक ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय अनेकांना असते. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात पहिल्या महायुद्धाच्या काळात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या तरुणींना हेच करायला शिकवले होते. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली, अनेकींचा मृत्यू झाला आणि १९२८ मध्ये त्यांच्या खटल्यात तडजोड झाली. आजच्या बाटलीत रेडियम नाही. पण काही जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते, आणि जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसे असतेच. ब्रश ओठांत धरू नये, टेबलावर चिवड्याची वाटी ठेवू नये. चहाच्या कपात ब्रश बुडवल्याचा विनोद या मंडळींत घरोघर चालतो. तो कप टेबलावर नसणे हेच बरे.

मुखवट्याबद्दल गैरसमज मोठा आहे. करोनाकाळातले एन-९५ घरात उरले आहेत, तेच लावून लोक लॅकर फवारतात. तो मुखवटा धूळ आणि रंगाचे थेंब अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे डबे असलेला मुखवटा लागतो. दाढीवर तो नीट बसत नाही. आत वास येऊ लागला की डबे संपले असे समजावे, आणि आयसोसायनेटबाबत तर वासावर विसंबताच येत नाही. फवारणीच्या खोक्यात नुसता स्पंज-फिल्टर लावून हवा पुन्हा खोलीतच सोडली तर रंग अडकतो, वाफ फिरत राहते. पाइप खिडकीबाहेर जायलाच हवा आणि पंख्याची मोटार वाफेच्या वाटेत नको. हवा खरोखर बाहेर जाते की नाही हे पाहायला थिनरची बाटली उघडण्याआधी एक उदबत्ती पुरते. धूर खिडकीकडे गेला तर ठीक. नाकाकडे आला तर व्यवस्था बदलावी, उदबत्ती विझवावी आणि मगच बाटली उघडावी. पाण्याने पातळ होणारे रंग वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्यांचा वास कमी असतो, पण फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातातच.

इतके सगळे लिहिल्यावरही या छंदातला सर्वांत मोठा धोका बाटलीत नसून खुर्चीत आहे, असेच म्हणावे लागते. दिवसभर कार्यालयात बसलेला माणूस रात्री पुन्हा तीन तास मान खाली घालून बसतो. १/३५ प्रमाणातल्या सैनिकाच्या डोळ्यात बुबुळ काढताना श्वासही रोखून धरतो. जेवण नऊला, झोप एकला. फिरायला जाण्याचा वेळ किटने खाल्लेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. या दिनक्रमात पन्नास मिनिटेही जमत नाहीत. रक्तदाब वाढला तर दुखत नाही, साखर वाढली तर कळत नाही. आणि एके रात्री छातीत जळजळले, डावा हात जड झाला, घाम फुटला, तर ‘पित्त झालं असेल, नाहीतर आज थिनरचा वास जास्त झाला’ म्हणून माणूस पाणी पिऊन आडवा होतो. थिनरची सवय इथे घात करते: छंदाच्या त्रासाखाली हृदयाचा त्रास झाकला जातो. बाहेरच्या हवेत दहा मिनिटे बसूनही छातीतला दाब गेला नाही, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पित्त निघाले तर हसण्यावारी नेता येईल.

मग छंदच सोडावा का? नाही. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षे आणि त्यावरील ९३,२६३ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आढळले. निवृत्तीनंतर घरात नकोसा झालेला माणूस रोज रात्री एखाद्या रेल्वे इंजिनाचे चाक जुळवतो, मित्राला फोन करून रंगाची छटा विचारतो, यात औषधाइतकी किंमत आहे. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात आजोबांचा हात धरून उभ्या असलेल्या नातवंडांचे चेहरे पाहिले की या वेडाचे सामाजिक मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्या छंदाने माणसाला माणसे दिली, तो भीतीने बंद पाडणे हा त्या गेलेल्या मित्राचाही अपमान ठरेल. प्रश्न छंदाचा नाही, बंद खिडकीचा आणि टाळलेल्या तपासणीचा आहे.

हे केवळ हौशी लोकांपुरते राहत नाही. बांधकाम व्यावसायिकांच्या विक्री कार्यालयात काचेखाली जी देखणी इमारत दिसते, तीही कुणीतरी हातानेच केलेली असते. ॲक्रिलिक लेझरने कापताना निघणारी वाफ, जोडायला क्लोरोफॉर्म, वर फवारलेला रंग, हे सारे त्या कार्यशाळांतल्या तरुणांच्या पोटापाण्याचे आहे. हौशी माणूस नको वाटले तर उठून गॅलरीत जाऊ शकतो. सादरीकरणाची तारीख डोक्यावर असलेला कारागीर जाऊ शकत नाही. कारखान्यातल्या हवेसाठी निदान कायद्याच्या परिशिष्टात आकडे आहेत. घरातल्या टेबलाला आणि गल्लीतल्या चार माणसांच्या कार्यशाळेला प्रत्यक्षात विचारणारे कुणी नाही. नियम करून उपयोग नसतो असे म्हणणाऱ्यांनी घरगुती रंगांतल्या शिशाचे उदाहरण पाहावे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम लागू झाला. सुट्या थिनरच्या प्रत्येक बाटलीवर आतल्या द्रावकांची नावे मराठीत छापावीत, एवढी मागणी त्याहून कठीण नाही.

सरकार ऐकेपर्यंत दोन ठिकाणी आजच सुरुवात होऊ शकते. पहिले ठिकाण दवाखाना. बराच काळ न जाणारा खोकला, रात्रीचा दमा, बोटांवरचा इसब, कारण न सापडणारी डोकेदुखी, यकृताच्या चाचणीत वाढलेले आकडे, असे काही असेल तर डॉक्टरांनी ‘काम काय?’ यापुढे ‘फावल्या वेळात काय करता?’ हेही विचारावे. उत्तर ‘मॉडेल करतो’ असे आले तर आणखी तीन प्रश्न: काय फवारता, खिडकी उघडी असते का, आणि सुटीत गावाला गेल्यावर त्रास कमी होतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर निदान अर्धे झाले. त्यानुसार फुप्फुसांची क्षमता मोजणे किंवा शिशाचे काम करणाऱ्याच्या रक्तातले शिसे तपासणे, हे ठरवता येते. डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने स्वतः सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. साठीचा माणूस विमाने करतो हे ऐकून डॉक्टर हसले तरी नोंद होईल.

दुसरे ठिकाण म्हणजे तो वीस-पंचवीस जणांचा गट. महिन्याच्या भेटीत नव्या किटबरोबर रक्तदाबमापकही टेबलावर ठेवायला कुणाची हरकत नसावी. कोण मधुमेही आहे, कुणाला हृदयविकाराची गोळी चालू आहे, कोण एकटा राहतो, हे चार मित्रांना माहीत असावे. रोज फोटो टाकणारा दोन दिवस गप्प झाला तर तिसऱ्या दिवशी फोन जावा. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर ते घ्यावे, कारण धारदार सुरीने बोट कापले नाही असा मॉडेलर शोधून सापडत नाही. खोलीतला एक्झॉस्ट पंखा एखाद्या महागड्या किटपेक्षा स्वस्त पडतो, हेही एकमेकांना सांगत राहावे.

आणि मित्र गेलाच, तर त्याच्या खोलीतून आधी काय उचलायचे हेही ठरलेले असावे. खोक्यांचे काय करायचे, कुणाला द्यायचे, हे घरच्यांना सावकाश विचारता येते. बाटल्यांना थांबता येत नाही. झाकण सैल झालेले थिनर, अर्धी रेझिन, नाव पुसलेले हार्डनर त्या घरात मागे राहिले, तर आवरासावर करताना ते मोरीत ओतले जाईल, नाहीतर कचऱ्यात जाईल आणि घंटागाडीवरच्या कामगाराच्या हाताला लागेल. जाणकार मित्रांनी पहिल्याच भेटीत ते गोळा करावे. वापरण्याजोगे थिनर ओळखीच्या रंगाऱ्याला द्यावे, ओली रेझिन पातळ थरात उन्हात ठेवून घट्ट करून मग टाकावी. हार्डनर घट्ट बंद करून वेगळे ठेवावे आणि महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे. गेलेल्या माणसाच्या पत्नीला ‘काही लागलं तर सांगा, वहिनी’ असे म्हणण्यापेक्षा हे काम अधिक उपयोगाचे आहे. अर्धे राहिलेले मिग त्यानंतर कुणीतरी आपल्या घरी नेईल आणि दुसरा पंख रंगवेल. रंगवताना खिडकी उघडी ठेवावी.